मांडीवरचे धरले नाहीत

शेठ अमरावतीहून फोनवर एवढंच विचारायचे,
"उमाठे, फॅमिली आली का?"
पब्लिक नव्हे. पब्लिक काय,
मारामारीलाही येते, आणि मे महिन्यात
सेहेचाळीस डिग्रीत कूलरपुढे झोपायलाही.
मेचं कलेक्शन मी निम्मंच खरं मानायचो.

फॅमिली आली की नाही
ते पडद्याकडे बघून कळत नाही.
मी मध्यंतरात सायकल स्टँडवर जायचो
दौलतच्या टोकनांचा डबा हलवून बघायला.
नुसत्या सायकली, म्हणजे पोट्टे.
स्कूटर, अन् तिच्या हँडलला
दुधाच्या बाटलीची पिशवी अडकवलेली,
म्हणजे चालेल.
बायकांच्या बाथरूमची रांग जिन्यापर्यंत आली
तर चार हप्ते.
खुर्च्यांखाली संत्र्याची सालं निघाली, डब्यातल्या पोळीचे तुकडे निघाले,
तर कँटीनवाला रडेल, शेठ हसतील.

रडण्याचाही भाव ठरलेला.
बाई रडली तर पिक्चर लागला.
पुरुष रडला तर समजायचं,
घरची आधीच दोनदा बघून गेली, आज याला घेऊन आली.

त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एक पिक्चर लावला.
तिघी बहिणी, एक शिलाई मशीन, बाप फारसा बोलत नाही.
शुक्रवारीच नेमकी मारबत.
सगळं नागपूर रस्त्यावर, काळी-पिवळीच्या मागं,
टॉकीजमध्ये एकशे बारा.
शनिवारी नव्वद. पाय दुखत असतील लोकांचे.
रविवारी, अहो रविवारी तरी,
नऊशे खुर्च्यांत दोनशे सहा.
दौलत म्हणाला, "भाऊ, हे तं बसून राह्यलं."
सोमवारी मी फोन केला. "फॅमिली नाही आली."
तिकडे पान थुंकल्याचा आवाज. मग,
"गुरुवारी रात्री पेट्या उचल."

मंगळवारी बाराच्या खेळाला
गोळीबार चौकाकडून बायका आल्या.
दोन दिवस मागांची वीज नव्हती म्हणे.
बोटांना सुताचा रंग,
तिकिटं एकोणपन्नास,
अन् पोरं कडेवर, मांडीवर, दोन खुर्च्यांच्या फटीत.
मांडीवरचं मूल कलेक्शनमध्ये येत नाही.
मी मोजलं नाही.
बुधवारी तीनशे.
गुरुवारी सहाच्या खेळाला बाल्कनी भरली
अन् बाहेर हमाल बिडी ओढत
पेट्यांसाठी थांबलेला.

मी दुसरा फोन केला नाही.
एकदा दिलेला निकाल फिरवला
तर पुढच्या वेळी कोण विचारतं?

शुक्रवारी मारामारीचं पोस्टर.
एक बाई पोरीला कडेवर घेऊन
खिडकीच्या जाळीशी आली.
"तिघी बहिणीचं कोठी गेलं जी?"
मी म्हटलं, चाललं नाही.
"कोनाचं नाही चाललं?
आमचं तं आजच निंगनं झालं."
मागचा पोट्टा ओरडला, बाई, सरका बे.
ती सरकली.

त्या रविवारी माझ्या घरचेही आले होते,
कुमुद अन् आमची रेवा. पासवर.
पास दोनशे सहात धरत नाहीत.
रात्री भात वाढता वाढता कुमुद म्हणाली,
"ती मधली दाराची कडी कधीच लावत नाही,
तुमच्या ध्यानात आलं?"
मी तेव्हा जिन्यावर रांग शोधत होतो.
म्हटलं, हो.

टॉकीजचा आता लग्नाचा हॉल झालाय.
वह्या माझ्याकडेच राहिल्या, कोणी मागितल्या नाहीत.
त्या पानावर माझ्या अक्षरात: फेल.
चाळीस वर्षं झाली,
मी तो पिक्चर अजून पाहिलेला नाही.
परवा कुमुदला विचारलं,
ती मधली बहीण कडी का लावत नव्हती?
गवारीच्या शेंगा मोडत होती.
"कोणती बहीण?" म्हणाली.